पुसट झालेलं बटण

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो, आणि जन्माचा भित्रा आहे. कारखान्यात माझं एकेक बटण ठोकून पाहिलं गेलं, तेव्हाच मी धडधडायला शिकलो. मग खोका, अंधार, दुकानाचं फडताळ. शेवटी एका शिंप्याच्या घरी आलो. खिडकीशी त्याचं शिलाई मशीन, भिंतीशी माझं टेबल. त्याच्या शाळकरी लेकीनं मला फडक्यानं पुसलं आणि हळूच म्हणाली, "घाबरू नकोस, मलाही अजून काही येत नाही."

मला डोळे नाहीत. मला फक्त बोटं कळतात. पण बाबांना शिवता शिवता ऐकता यावं म्हणून ती पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायची, त्यामुळं मलाही जग कळायचं.

तिला अळंब्यांचं वेड. कुंपणाच्या कडेला, भिजल्या ओंडक्यावर एखादी छत्री उगवलेली दिसली की पोर गुडघ्यांवर बसलीच. शाळेतून आली की दप्तर भिरकावून अळंब्यांच्या चर्चागटात शिरायची. कुठली कुठली माणसं तिथं फोटो टाकत, वाद घालत. सुरुवातीला एक प्रश्न ती लिहायची, खोडायची, परत लिहायची, परत खोडायची.

"हसतील का हो बाबा?"

"हसू देत. दात त्यांचेच दिसतील."

माझं खोडायचं बटण त्या दिवसांत झिजून पुसट झालं.

कुणी हसलं नाही. गटातल्या सगळ्यांत जाणत्या माणसाला सगळे टोपीआजोबा म्हणत. फोटोत कायम लोकरी टोपी. त्यांनीच तिला शिकवलं. रंगावर भाळू नकोस, छत्री उलटी करून बघ, वास घे. आणि बुडखा मातीतून उकरून पाहिल्याशिवाय कुणाला 'खा' म्हणू नकोस. हळूहळू तीच नवख्यांना उत्तरं देऊ लागली. लोक कौतुकानं 'मास्तरीणबाई' म्हणू लागले. बोटं धीट झाली. खोडायचं बटण रिकामं बसू लागलं, आणि खरं सांगतो, मला त्याचीच भीती वाटू लागली.

एका संध्याकाळी गटात एक नवा माणूस आला. ट्रक चालवणारा. वाटेत पांढऱ्या अळंब्या मिळाल्या, देठावर कापून घरी आणल्यात, पोरं भुकेली आहेत, चालतील ना?

तेवढ्यात बाबांनी हाक मारली, "बाळ, सुईत दोरा ओवून दे गं, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"आले, हे सोपंच आहे." उभ्या उभ्याच बोटं धावली: ओळखीची आहे, बिनधास्त खा. आणि पाठवलंसुद्धा.

दोरा ओवून ती गुणगुणत परतली, वाचू लागली, आणि आवाज मध्येच तुटला. टोपीआजोबांनी विचारलं होतं, "मास्तरीणबाई, बुडखा कुठं पाहिलात?"

मित्रांनो, माणसाची बोटं इतकी गार पडतात हे मला ठाऊक नव्हतं. देठ वरून कापलेला होता. बुडखा मातीतच राहिला होता. आणि विषारी जातीची खूण, पांढऱ्या आवरणाची वाटी, बुडख्यालाच असते. ती लिहू लागली. खाऊ नका. थांबा. आहात का? पाठवलं, आणि पुन्हा तेच लिहिलं.

"बाबा, त्यांनी खाल्लं असेल."

मशीन थांबलं. "फोन लाव त्यांना."

"नंबर नाही. इथं कुणाचाच नसतो."

बाबा स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले. "मग लिहीत राहा. मी आहे इथं."

टोपीआजोबांनीही लिहिलं, शिजवून हे विष जात नाही, त्रास उशिरा होतो, खाल्लं असेल तर बरं वाटत असलं तरी आत्ताच दवाखाना गाठा. अंधारलं असावं, बाबांनी दिव्याचा खटका दाबल्याचं ऐकू आलं. तिच्या बोटांतली धडधड मला माझीच वाटू लागली.

मग ती वाचू लागली, एकेक शब्द चाचपडत: "मास्तरीणबाई, तुमचे आभार मानावेत म्हणून ताटाचा फोटो टाकायला आलो होतो. पोरांनी घास उचलला होता. हातातून काढून घेतला. रडतायत, पण तोंडात काही गेलं नाही."

माझ्या बटणांवर काहीतरी ऊन ऊन टपटपलं. पाण्याला मी फार भितो, पण त्या वेळी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो माणूस त्या जागी परत गेला आणि त्यानं माती उकरली. त्यानं एवढंच लिहिलं: "पांढरी वाटी होती."

तिनं सगळ्यांसमोर चूक कबूल केली, आणि मग मला हात लावेना. माझ्यावर धूळ बसली. वाटलं, आता ही कधीच येणार नाही. एके दिवशी बाबा म्हणाले, "टाका चुकला म्हणून मी काय मशीन विकलं?" ती आली. एका नवख्यानं विचारलं होतं, तिनं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं: "मला ठाऊक नाही. बुडखा दाखवाल का?"

आता टेबलावर दुसरा कीबोर्ड आहे. मी रिळांच्या खणात पडलेला असतो. कधी खण उघडला की ती माझ्या पुसट बटणावर बोट ठेवते. दाबत नाही, नुसतं ठेवते.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण पाठवायच्या बटणाकडं बोट निघालं की क्षणभर थांबा. पलीकडं कुणीतरी घास उचललेला असतो.