खारी विहीर प्रायव्हेट लिमिटेड

सूर्यभानच्या विहिरीचं पाणी म्हशीसुद्धा नाक मुरडून प्यायच्या. दर्यापूरच्या पुढे पूर्णेच्या काठाने जो खारपाणपट्टा लागतो, त्यातलं हे गाव. खणाल तिथे पाणी, आणि लागेल ते पाणी खारट. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा टाकला तर दूध फाटतं. गावात घरोघरी नळही होते. त्यांना गोडं पाणी यायचं, पण कधी यायचं ते नळालाच ठाऊक.

सूर्यभानची बायको लीलाबाई धामणगावची, गोड्या पाण्यावर वाढलेली. लग्नानंतर सासरचा पहिला चहा तोंडात घेतला तेव्हा तिला वाटलं, सासूने साखरेऐवजी मीठ घालून आपली परीक्षा घेतली. परीक्षा वगैरे काही नव्हती, तिथे चहाच तसा होता. तेव्हापासून तिचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं, मरायच्या आधी अंगणात रोज गोडं पाणी येणारा नळ पाहिजे. तोवर दर्यापूरच्या ताहेरभाईच्या फिल्टर प्लांटवरून कॅन यायची. त्या पाण्याचा एक माठ पाहुण्यांसाठी वेगळा झाकून ठेवलेला असायचा. घरच्यांनी एखाद दिवस खारं प्यावं, त्याचं काही नाही. पण पाहुण्याच्या हातात खाऱ्या पाण्याचा गडवा गेला की त्या पट्ट्यात घराची अब्रू जाते.

लीलाबाईच्या बहिणीचा मुलगा पियुष अकोल्याला राहायचा. अमरावतीतून इंजिनिअर झाला होता आणि तेव्हापासून उद्योजक होता. त्याच्याकडे धंदा कधी असायचा, कधी नसायचा, व्हिजिटिंग कार्ड मात्र कायम छापलेलं असायचं. संत्र्याच्या सालीचा फेसपॅक झाला, सरकीच्या ढेपेची बिस्किटं झाली, आणि दोन्हींची माती झाल्यावर तो हवापालटासाठी मावशीकडे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं लक्ष मोरीतल्या हंड्यावर गेलं. हंड्यावर पांढरा थर बसला होता. पियुष त्याच्यापुढे उकिडवा बसला आणि थर नखाने खरवडू लागला.

"खार हाये तो," लीलाबाई म्हणाली. "घासू घासू हात गेले माहे."

"मावशी, हा खार नाई. मिनरल हाये."

मग त्याने तिला जगाची अर्थव्यवस्था समजावून सांगितली. जुन्या धंद्यांतली वाढ आता थांबली, पुढची वाढ जिथे कोणी पाहिलं नाही तिथूनच येणार, आणि मोठ्या शहरांतले लोक अस्सल गोष्टीसाठी काहीही मोजायला तयार आहेत. लीलाबाई भाकरी थापत ऐकत होती.

"हे पाणी पेलं तं पोटात काही ठयरत नाई बावा," ती म्हणाली.

"त्यालेच डिटॉक्स म्हणतात."

"अन् डॉक्टर म्हणते हे पेऊ नका, मुतखडा होते."

"ते गावातल्या लोकायसाठी, मावशी."

सूर्यभानला हे सगळं फार आवडलं. ज्या विहिरीपायी त्याने जन्मभर बायकोची बोलणी खाल्ली, तीच आता पियुषच्या लॅपटॉपमध्ये रंगीत आलेखावर चढत होती. त्याने विहीर पियुषच्या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला देऊन टाकली. लीलाबाईने मात्र तव्यावरची भाकरी उलटताना अट घातली.

"तुह्या कंपनीचं काहीबी होऊ दे. माह्या अंगणात गोड्या पाण्याचा नळ पाह्यजे."

"इन्व्हेस्टमेंट आली का पह्यला नळ तुहाच," पियुष म्हणाला. त्याने तिच्या पायाला हात लावला, त्यामुळे तिचा विश्वास बसला.

गुंतवणूकदार आले ते मूळचे पुण्याचे, पण आता सिंगापूरला राहणारे साहेब होते. त्यांनी जगभरचं पाणी चाखलं होतं आणि ते तसं सांगतही होते. त्यांना पाणी उगमापाशीच प्यायचं होतं. पियुषने सकाळीच विहिरीतून बादली काढून ठेवली आणि मावशीला दहादा बजावलं. साहेब ओसरीवर बसले. लीलाबाई आत गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि आजवर प्रत्येक पाहुण्यासाठी जिथे गेला होता तिथेच तिचा हात गेला. तिने पाहुण्यांच्या माठातून गडवा भरला.

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. तो घोट त्यांनी गालात या बाजूने त्या बाजूला फिरवला.

"अप्रतिम," ते म्हणाले. "यात काळ्या मातीचा कस आहे. आणि शेवटी एक गोडवा येतो, तो यंत्राने आणता येत नाही. काकू, हे अमृत तुम्ही रोज पिता?"

"रोज नाई, साहेब," लीलाबाई खरं ते बोलली. "कोणी आलं तवाच."

साहेबांना तो विनोद वाटला. ते मनापासून हसले आणि जाण्याआधी पैसे गुंतवायला तयार झाले. पियुष माजघरात आला तेव्हा त्याला भरलेली बादली जशीच्या तशी दिसली.

"मावशी, हे काय पाजलं तूनं त्यायले?"

"ताहेरभाईच्या कॅनचं. पाहुण्याले खारं पाणी देऊ का मी?"

पियुष भिंतीला टेकला. त्याचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर रंग आला, आणि थोड्या वेळाने तर तो हसायलाच लागला. लीलाबाईला वाटलं पोराला चक्कर आली. त्याला कल्पना सुचली होती.

कंपनी जोरात चालली. अकोल्यात काचेचं ऑफिस झालं. नवउद्योजकांसमोर भाषण द्यायला पियुष अमरावतीला जाऊ लागला आणि मातीशी नातं कसं जोडावं हे मुलांना सांगू लागला. बाटलीचं नाव 'उगम' होतं, तिच्यावर विहिरीचं चित्र आणि विहिरीशेजारी पदर घेतलेली लीलाबाई. आत ताहेरभाईचं पाणी. त्याच्या प्लांटचं सगळं पाणी कंपनीने करार करून स्वतःसाठी घेतलं होतं, आणि गावात येणारी कॅनची गाडी बंद झाली.

लीलाबाई स्वतः दर्यापूरला गेली.

"भाभी, पानी तो बहुत है," ताहेरभाई मान खाली घालून म्हणाला. "पन एक थेंब बाहेर द्यायचा नाई, असा करार केला मी. आता चुकलं वाटून राह्यलं."

नळाबद्दल विचारलं की पियुष म्हणायचा, तो दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिला टप्पा कधी संपणार ते त्याने सांगितलं नाही, आणि सूर्यभान विचारायला तयार नव्हता. कंपनीने त्याला 'उगमरक्षक' असं लिहिलेली टोपी दिली होती. ती तो जेवतानासुद्धा काढत नसे.

अशातच लीलाबाईचा थोरला भाऊ डोमाजी धामणगावहून न कळवता आला. उन्हातून आलेला म्हातारा माणूस, त्याने आल्या आल्या पाणी मागितलं. पाहुण्यांचा माठ कोरडा होता. तिने विहिरीचं पाणी गडव्यात घालून दिलं. डोमाजीने एक घोट घेतला आणि काही न बोलता बाकीचंही पिऊन टाकलं. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून त्याने ते प्यायलं हे लीलाबाईला कळलं. चुलीपाशी बसून ती रडली. इतकी लाज तिला त्या घरात कधी वाटली नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी साहेब पुन्हा आले, या वेळी कॅमेरे घेऊन. विहिरीपाशी मांडव घातला होता. साहेबांना जाहिरातीसाठी काकूंच्याच हातून पुन्हा उगमाचं पाणी प्यायचं होतं. पियुषने मावशीला आत गाठून बाटली दिली.

"हे गडव्यात ओत. आजचा दिवस निभला का नळ पक्का."

लीलाबाईने बाटली घेतली, तिच्यावरचा स्वतःचा चेहरा एकदा पाहिला आणि ती चुलीमागे ठेवून दिली. मग गडवा घेऊन ती सरळ विहिरीवर गेली, पोहरा सोडला, पाणी काढलं आणि सगळ्यांदेखत साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी डोळे मिटले, घोट घेतला, आणि कॅमेऱ्यासमोर तो फवारून टाकला.

"हे आपलं पाणी नाही," तोंड पुसत ते म्हणाले. "हे नकली आहे."

"हेच इहिरीचं हाये, साहेब," लीलाबाई म्हणाली. "तुमच्यासमोरच काढलं. मांगं तुमी पेलं ते फिल्टरचं होतं, दर्यापूरच्या ताहेरभाईचं."

सूर्यभान टोपी सारखी करत राहिला. पियुष मावशी आणि कॅमेऱ्याच्या मधे येऊन उभा राहिला.

"सर, मावशी घाबरली आहे."

साहेबांनी लीलाबाईकडे फार मायेने पाहिलं.

"काकू साध्या आहेत. यांना कुणीतरी फसवलंय," ते म्हणाले. "मी जगभरचं पाणी प्यालोय. माझी जीभ मला फसवणार नाही. पियुष, कोणीतरी आपल्या उगमात नकली पाणी मिसळतंय. ब्रँड सांभाळा."

आठवड्याभरात ब्रँड सांभाळला गेला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली, जाळीला कुलूप लागलं आणि कठड्यावर फलक आला: 'या विहिरीतील पाणी नकली आहे. अस्सल पाणी फक्त बाटलीत.' किल्ली उगमरक्षकाकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाबाई बादली घेऊन विहिरीवर आली. तिने फलक वाचला, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"खोला," ती नवऱ्याला म्हणाली.

"पियुषले फोन लावून इचारतो."

"रातचे भांडे पडले हायेत. ते नकली पाण्यानं घासते मी."

सूर्यभानने टोपी काढून खिशात घातली. रस्त्यावर कोणी नाही हे दोन्हीकडे बघून घेतलं, आणि स्वतःच्या बापाने खणलेल्या विहिरीचं कुलूप चोरासारखं, आवाज न करता उघडलं.