कठड्यावरचा लाल मफलर

मलिंगार या आयरिश गावाजवळच्या जंगलातल्या जुन्या, छपराच्या लाकडी पुलाचा फोटो काढायला सुश्रुत तिसऱ्यांदा आला होता. आधी दोनदा पावसानं हाकलून लावलं होतं. आज मात्र झाडांतून ऊन थेट पुलाच्या तोंडाशी उतरलं होतं, आणि ऑफिसच्या फोटो स्पर्धेची मुदत उद्याच संपत होती. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली आई, अलकनंदा, काठावरच्या बाकावर थर्मासमधला चहा पीत होती.

सगळं जमून आलं होतं. फक्त कठड्याला कुणीतरी बांधलेला लाल मफलर डोळ्यांत खुपत होता. गाठ भिजून घट्ट झाली होती. सुश्रुतनं ती हिसके देऊन सोडवली आणि मफलर खाली ओढ्यात भिरकावला. पाण्याला ओढ होती. तो लगेच दिसेनासा झाला. मग त्यानं मनासारखे वीसेक फोटो काढले.

ट्रायपॉड मिटत असताना एक वयस्कर बाई आल्या. कठड्यापाशी थबकल्या, वाकून फळ्यांवर पाहिलं.

"इथे मफलर होता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा मीच बांधला होता. हे छप्पर त्यानंच दुरुस्त केलं होतं. तुम्ही पाहिलात का?"

"नाही," सुश्रुत म्हणाला. "वाऱ्यानं उडाला असेल."

"काय म्हणत होत्या?" गाडीत बसताना आईनं विचारलं.

"काही नाही गं. रस्ता विचारत होत्या."

मोटरवे यायच्या आत आई हळूच म्हणाली, "मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी थोडं समजतं रे. मफलर म्हणाल्या त्या. हजबंड म्हणाल्या. आणि तू तो टाकलास ते मी बघितलंय."

सुश्रुतची कानशिलं तापली.

"त्यांना घाबरून खोटं सांगितलंस म्हणू. पण मला?"

पुढच्या वळणावर त्यानं गाडी फिरवली.

बाई अजून तिथेच होत्या, काठीनं झुडपं बाजूला करून बघत होत्या.

"मीच काढला," तो म्हणाला. "फोटोत येत होता म्हणून. ओढ्यात टाकला."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यू आर ग्रँड." चालायचंच, अशा अर्थानं 'ग्रँड' हा शब्द त्यानं इथल्या सात वर्षांत हजारदा ऐकला होता. बाईंची हनुवटी मात्र थरथरत होती. त्या चार शब्द रागानं बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो बुटांसकट ओढ्यात उतरला. मुळ्या, दगड, साचलेली पानं चाचपत पार वळणापर्यंत गेला. काठाकाठानं आईही वाकून बघत होती. मफलर काही सापडला नाही.

"पुरे आता," बाईंनी पुलावरून हाक मारली. "आईला घरी घेऊन जा. दमल्या असतील त्या."

सुश्रुतनं मान वर केली नाही. गुडघाभर पाण्यात तो तसाच उभा राहिला.