बसणे आणि त्याची सर्व रूपे

मंगळवारी सकाळी वाहिनीच्या इमारतीत नोटीस लागली: 'बसणे' या क्रियापदाचा सर्व रूपांसह वापर यापुढे करू नये.

चिमट्याने ती उभ्यानेच वाचली. त्याला सगळे चिमटाच म्हणत, कारण दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तो 'चिमटा' नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करायचा आणि त्यात देशाच्या साहेबांची फिरकी घ्यायचा. साहेब एकोणीस वर्षं सत्तेवर होते. चिमट्याने आतापर्यंत दोनशे अकरा शुक्रवार केले होते, एकही न चुकवता. एकदा कांजिण्या झाल्या तेव्हा चेहऱ्याची फक्त उजवी बाजू दाखवून केला होता.

नोटीस निघाली यात दोष तसा त्याचाच होता. आधी त्याच्यापायी 'खुर्ची' हा शब्द गेला. मग तो 'स्टूल' म्हणायला लागला, तर स्टूल गेलं. बाक गेला, सोफा गेला, आरामखुर्ची तर खुर्चीबरोबर आपसूकच गेली होती. गेल्या शुक्रवारी त्याने फर्निचरला हातही न लावता एवढंच विचारलं, "एकोणीस वर्षं एका जागी बसून साहेबांच्या पायाला मुंग्या येत नसतील का?" आणि पडद्यावर फुलदाणी आली.

फुलदाणी म्हणजे तपासनीस. थेट प्रक्षेपण चालू असताना ते कंट्रोल रूममध्ये बटणावर बोट ठेवून असत. नको तो शब्द आला की बटण दाबत, आणि लोकांना माणसाऐवजी निळ्या फुलदाणीचा फोटो दिसे. लोकांना सवय झाली होती. काहींनी तशीच फुलदाणी घरात आणून ठेवली होती.

तपासनीस आधी शाळेत व्याकरण शिकवायचे. तीस वर्षं. त्यामुळे नोटिशीला चार पानं जोडलेली होती: बसतो, बसते, बसला, बसून, बसवणे, बसवून घेणे, बसल्या बसल्या. चिमटा ती घेऊन त्यांच्या खोलीत गेला.

"सर, बस पण गेली?"

"कुठली?"

"सहा चाकांची."

"आज्ञार्थी एकवचनाचं रूप तेच होतं रे. नाइलाज आहे."

"मग वाहतुकीच्या बातम्यांत काय म्हणायचं?"

"सार्वजनिक लांब गाडी."

"आणि बसथांबा?"

"थांबा गेल्या वर्षीच गेला," तपासनीस म्हणाले. विरोधकांची घोषणा 'आता थांबा' अशी होती, तेव्हाची गोष्ट. मागच्या भिंतीवर सगळी यादी टांगलेली होती. संप झाला तेव्हा 'बंद' गेला होता. निवडणूक रद्द झाली तेव्हा 'रद्द' गेला, आणि कुणी पळवाट काढू नये म्हणून 'स्थगित'ही. कुणीतरी पुलाखाली 'हटवा' असं रंगवल्यावर 'हटवणे' गेलं.

"सर, तुम्हाला वाईट नाही वाटत? तीस वर्षं हेच शिकवलंत."

तपासनिसांनी लाल पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "नियम म्हटला की सगळ्यांना सारखा. वर्गातल्या पहिल्या मुलालाही आणि शेवटच्यालाही. एवढं मात्र मी सोडणार नाही."

"मी पण शुक्रवार सोडणार नाही," चिमटा म्हणाला.

घरी जाऊन त्याने सराव सुरू केला. आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवायला बस."

"आई, तो शब्द नको. कानावर पडला की तोंडातून निसटतो. आता एक जरी निसटला ना, तर संचालक कार्यक्रमच काढून घेतील."

"मग उभ्याने जेव."

तो उभ्याने जेवला. आई कधीकाळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. लोकांचं बोलणं जोडून देण्यात तिचा जन्म गेला होता आणि बोलणाऱ्यांबद्दल तिला कधी फार कौतुक वाटलं नव्हतं. तरी भाजी वाढताना ती म्हणाली, "शब्द काय, जाऊ देत. तू गेलास तर शुक्रवारी सातला मी काय बघू? ती फुलदाणी?"

बुधवारपासून वाहिनीची पार रया गेली. सकाळच्या व्यायामाच्या कार्यक्रमात बाई सांगत होत्या, "गुडघे वाकवा. आणखी. अजून थोडे. आता खाली जमीन लागली असेल." दुपारी बातमीवालीने भूकंपाचा सौम्य धक्का 'येऊन गेला' असं सांगितलं, आणि तो पाहुण्यासारखा चहा पिऊन गेला असावा असं वाटलं. एका गायकाचा कार्यक्रम होऊ शकला नाही, कारण त्याचा घसा 'खालच्या मजल्यावर गेला' होता.

गुरुवारी साहेबांचं भाषण होतं. साहेब राष्ट्राला उद्देशून वीस मिनिटं बोलले. नोटीस त्यांना कुणी दाखवली नव्हती. विरोधकांना चपराक बसली आहे, देशाची घडी नीट बसली आहे, जगाचा आमच्यावर विश्वास बसला आहे, आम्ही गप्प बसणार नाही. तपासनिसांचं बोट बटणावरच होतं. नियम सगळ्यांना सारखा. वीस मिनिटांत फुलदाणी चौदा वेळा आली, आणि शेवटी ती काय म्हणते तेच लोक लक्ष देऊन ऐकायला लागले.

शुक्रवारी साहेबांच्या कचेरीतून वाहिनीच्या संचालकांना फोन आला. फोन ठेवताना संचालकांचे कान लाल झाले होते. खापर कुणावर फोडायचं हे ठरवायला त्यांना वेळ लागला नाही. संध्याकाळी साडेसहाला चिमटा आपली संहिता घेऊन तपासनिसांसमोर उभा होता, तेवढ्यात संचालक हातात कागद घेऊन आत आले.

या इमारतीत तोंडी हुकूम चालत नसे. मागे एकदा संचालकांनी नेपथ्यकाराला तोंडी सांगितलं होतं, "मागची झाडं काढा." म्हणजे पडद्यावर रंगवा. ते माळ्याने ऐकलं आणि इमारतीमागची तीन झाडं दुपारपर्यंत आडवी केली. तेव्हापासून साबणाची वडी हवी असली तरी लेखी हुकूम लागे, आणि त्यावर तपासनिसांचा शिक्का.

"सर, यावर शिक्का मारा. सातच्या आत," संचालक म्हणाले.

तपासनिसांनी चष्मा लावून वाचलं. "'आपला कार्यक्रम आजपासून बंद करण्यात येत आहे.' 'बंद' चालणार नाही."

संचालकांनी चिमट्याकडे बघितलंही नाही. "मग रद्द लिहा."

तपासनिसांनी पेनानेच मागची भिंत दाखवली.

"थांबवण्यात येत आहे."

"अहो, थांबा आणि थांबवणे एकाच धातूचे."

"हटवण्यात?"

"ते तर पुलाखालचं," चिमटा मदतीच्या सुरात म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस." संचालकांनी घाम पुसला. "काढण्यात येत आहे. काढणे तर चालणारं आहे ना?"

"आहे. पण काढणे म्हणजे सुरू करणे की नाहीसं करणे? दुकान काढलं म्हणजे काय केलं?" तपासनीस शांतपणे म्हणाले. "झाडांची आठवण असेलच तुम्हाला."

घड्याळात पावणेसात झाले होते. बाहेर फोन वाजायला लागला, आणि तो कुणाचा आहे हे तिघांनाही कळलं. संचालकांनी कागद ओढला, 'बंद' खोडला, त्या जागी एक लांब रेघ मारली, खाली सही ठोकली. "शब्द तुम्ही घाला, सर. व्याकरण तुमचं. यादीत नसेल तो कुठलाही घाला. मी फोनवर सांगतो की हुकूम निघाला." आणि ते पळाले.

खोलीत दोघंच उरले. कागदावर लिहिलं होतं: आपला कार्यक्रम आजपासून ________ करण्यात येत आहे.

तपासनिसांनी तो बराच वेळ पाहिला. शाळेत असताना त्यांनी असे कितीतरी पेपर काढले होते, पण एवढ्या मोठ्या सहीचा एकही नव्हता. मग त्यांनी तो फिरवून चिमट्यापुढे सरकवला आणि लाल पेन वर ठेवलं.

"रिकामी जागा भरा," ते म्हणाले. "एक गुण."

चिमट्याने पेन उचललं. अक्षर वाईट आलं असतं तर गुण कापला गेला असता, म्हणून त्याने सावकाश लिहिलं: सादर.

तपासनिसांनी कागद उजेडात धरला. "काना आहे. शुद्ध आहे." आणि शिक्का मारला, एकदा हुकमावर, एकदा संहितेवर.

सात वाजता चिमटा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. त्याची खुर्ची त्याने स्वतःच बाजूला सारली होती. दोनशे बारावा शुक्रवार. घरी आई टीव्हीसमोर असणार, हातात काहीतरी निवडायला घेऊन.

"मंडळी, आधी एक सरकारी हुकूम," तो म्हणाला आणि कागद वर धरला. "'आपला कार्यक्रम आजपासून सादर करण्यात येत आहे.' खाली संचालकांची सही आहे, शिक्का आहे. आजपासून म्हटलंय, कधीपर्यंत ते म्हटलेलं नाही. म्हणजे आता मला रजाही घेता येत नाही."

स्टुडिओचं दार धाडकन उघडलं. दारात संचालक. त्यांनी फोनवर काय ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण लेखी हुकूम, शिक्का, सगळं ते विसरले होते. माईक चालू होता.

"गप्प..." ते ओरडले.

आणि तिथेच अडकले. गप्प म्हटल्यावर मराठी माणसाच्या तोंडात पुढे एकच शब्द येतो, आणि तो त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. काचेपलीकडे तपासनिसांचं बोट बटणावर होतं. त्यांनी मान किंचित पुढे काढली होती, फळ्यापाशी अडखळलेल्या मुलाकडे बघतात तशी.

चिमट्याने वाट पाहिली. सगळ्या देशाने वाट पाहिली.

"हं," चिमटा म्हणाला. "पुढे?"

संचालकांनी तोंड मिटलं. दार हळूच लावून घेतलं. फुलदाणी आली नाही.

"तर साहेबांच्या पायाच्या मुंग्यांबद्दल बोलत होतो," चिमटा म्हणाला आणि संहितेचं पहिलं पान उलटलं. चौदा मिनिटं बाकी होती.