धोंड्याचं मागणं

रामकिशननं ताटावर हात आडवा धरला आणि नर्मदाबाईच्या हातातली तुपाची वाटी वरच्या वर थांबली. ताटात पुरणाचे धोंडे वाफाळत होते. जावयानं अजून एकालाही बोट लावलं नव्हतं.

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं लोक उगीच म्हणत नाहीत. पण हा जावई तसला नव्हता, म्हणून तर नर्मदाबाईच्या जिवाला घोर लागला. रुसणं नाही, फुगणं नाही, वाढलं ते मुकाट्यानं जेवायचं. एकुलत्या एका लेकीला असा नवरा मिळाला म्हणून ती रोज देवापुढं हात जोडायची. आणि नेमका आज, अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, तर हा हटून बसलेला.

विषय सासऱ्यानं, सटवाजीनंच काढला होता. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड. तिकडून इंग्रज चालता होत होता आणि इकडं रझाकार गावोगाव फिरू लागले होते. शेजारच्या गावातली दोन तरणी पोरं उचलून नेली, त्यांचा अजून पत्ता नव्हता. सटवाजीनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. नदीचा पूर उतरला की रामकिशननं मंजुळेला आणि लेकराला गाडीत घालून पलीकडं रिसोडला निघायचं. तिथं सटवाजीच्या चुलतभावाच्या मळ्यात एक खोपी रिकामी होती. आपण दोघं म्हातारी इथं गोरेगावात घर राखू, असं त्याचं म्हणणं.

रामकिशननं सगळं ऐकून घेतलं आणि मी माझ्या गावातून, साखऱ्यातून हालणार न्हाई, एवढंच बोलला.

मग सटवाजी तापला. जिवापेक्षा जमीन मोठी झाली का, दुसऱ्याच्या मुलखात जायची लाज वाटते का, असं बरंच बोलला. रामकिशननं उलट विचारलं, मग तुमी काहून ऱ्हाता? सटवाजी म्हणाला, आमचं काय, पिकली पानं. चुलीपाशी बसलेली मंजुळा लेकराला थोपटत होती. बाप खरं बोलतो की नवरा, हे तिलाही कळेना झालं होतं.

नर्मदाबाई आजवर जावयाशी समोरासमोर बोलली नव्हती. बोलायचं ते पदराआडून, तेही मंजुळेच्या मार्फत. पण आज तिला राहवलं नाही. त्या घरची एक रीत होती, धोंड्याच्या जेवणाला जावयानं मागितलेलं परतवायचं नाही. सटवाजीनं स्वतः त्याच्या सासऱ्याकडून अशीच दुभती गाय काढली होती आणि जन्मभर ती गोष्ट सांगत आला होता.

“बापू,” ती म्हणाली, “काय पाह्यजे ते मागा. पर उपाशी उठू नका.”

“मागा,” सटवाजीही म्हणाला. त्याचा आवाज थकला होता. “बैल मागा, गाडी मागा. पर नदी वलांडा.”

“मागून न्हाई म्हणायचं न्हाई, मामा.”

“सटवाजी न्हाई म्हणत नसतो.”

“मग तुमी दोघं बी गाडीत बसा.”

सटवाजीनं जोरानं मान हलवली. लेकीच्या घरी गेला तर पाण्याचा तांब्यासुद्धा घरून भरून नेणारा हा माणूस. लेकीच्या दारचं खायचं नाही, हे त्याला बापानं शिकवलेलं. ते जमायचं न्हाई, असं तो पुटपुटला. सोयरे थुंकतील तोंडावर.

“माझे माय-बाप हगवणीत गेले, तवा घरात दाणा नव्हता,” रामकिशन म्हणाला. “तरी तुमी पोरगी दिली. सोयऱ्यांना तवा इचारलं व्हतं का? तुमाला मागं टाकून मी न्हाई जायचा. मंग रझाकार येवो की कोनी येवो.”

नर्मदाबाईनं डोळ्याला पदर लावला. घराण्यात आजवर कोणी तिच्या म्हातारपणाचा विचार असा बोलून दाखवला नव्हता. देवानं पोटी मुलगा दिला नाही म्हणून किती वर्षं ती त्याच्याशी भांडली होती, आणि आता त्या भांडणाची तिला लाज वाटली.

सटवाजीनं मिशीवरून हात फिरवला. मग त्याला वाट सापडली.

“खोपी माझ्या भावाची हाय,” तो म्हणाला. “म्हंजी मी काय लेकीच्या दारी जाऊन राहिलो न्हाई. तुमीच माझ्या दारी येऊन राहिले. बराबर?”

“बराबर, मामा,” रामकिशन म्हणाला. “मी घरजावई.”

त्यानं धोंडा मोडला आणि घास तोंडात घातला. घरजावयाला गावात कुत्रंही विचारत नाही, आणि या माणसानं तो शब्द हसत स्वतःवर ओढून घेतला, सासऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून. सटवाजीलाही ते कळलं असावं, कारण त्यानं नजर वळवली.

नर्मदाबाई चुलीकडं वळली.

“मंजुळे,” ती म्हणाली, “जातं बी गाडीत घालू. जड हाय, पर पाच जनांचं दळाया लागंल.”