दोनशे फुटांनंतर

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने माळावर बांधायच्या घराचा हिशेब चार वेळा केला होता. चारही वेळा तो दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दोनशे फूट बोअर इथेच येऊन थांबला होता. आता बोअरची गाडी घरघरत होती आणि तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"ताई, दोनशे झाले!" गाडीवाला ओरडला. "नुसती धूळ येतेय. थांबू का?"

"थांबा," नवरा म्हणाला. "आता फुटाचा दर वाढणार. आपल्याकडे आहेत कुठे तेवढे?"

ती जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या खोल्यांतून येरझाऱ्या घालू लागली. पाण्याशिवाय भिंती उभारून उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. पण दुसऱ्या खोलीत तिचं मशीन बसणार होतं. वीस वर्षं ती भाड्याच्या घरात, दाराच्या तोंडाशी बसून शिवत आली होती.

शेवटी तिने चपलेनेच त्या खोलीची रेघ पुसली.

"अगं, काय करतेस?"

"एक खोली कमी. दादा, अजून पन्नास फूट मारा!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. दोनशे तीसपर्यंत धूळच उडाली. मग चिखल आला आणि पाठोपाठ गढूळ पाण्याचा फवारा. नवरा हसत त्यात भिजत राहिला. तिचे डोळे भरून आले, ते आनंदाने की खोलीपायी, तिचं तिलाच कळेना. ओल्या हातांनी तिने आराखड्याचा कागद उलगडला आणि मशीनपुरती जागा स्वयंपाकघरातून काढता येते का, ते बघू लागली.