शिरेतून जेवण

सुताराचं आतडं फुटलं आणि तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. जीव वाचला, पण आतड्याची जखम भरेपर्यंत तोंडातून काहीही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मानेजवळच्या शिरेत नळी घातली आणि तिच्यातून सलाईनसारख्या पिशव्या सुरू झाल्या.

थोरल्या बहिणीला हे काही पटेना. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. रंधा मारून घट्ट झालेले त्याचे दंड आता पार ओघळले होते.

"पाण्यावर माणूस जगतो होय?" ती पुटपुटत राहिली.

एके दुपारी वॉर्डात सामसूम बघून तिनं थर्मासमधून कपात सूप ओतलं. "दोनच घोट घे."

"ताई, नको म्हणालेत ना."

"तुला मी वाढवलं की त्यांनी?"

वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पुढे झालाच. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी कप हळूच काढून घेतला.

"उपाशी मारताय त्याला!" ताई उसळली.

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "उपाशी नाही हो, जेवतोय तो. आपण डाळ, अंडी खातो, तेव्हा पोट त्यातल्या प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करतं. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. जखम त्यांच्यावरच भरते. सध्या आतड्याला हे काम झेपणार नाही, म्हणून तयार तुकडेच रक्तात सोडतोय. सोबत ताकदीला साखर आणि स्निग्ध पदार्थ, नाहीतर शरीर हे तुकडेच जाळून टाकेल."

"आणि काहीच नाही दिलं तर?"

"मग शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं."

ताईनं भावाच्या दंडाकडे पाहिलं. मग कपाकडे. "यानं टाके उसवले असते?"

"धोका होता."

तिला रडू फुटलं. भावानं तिचा हात धरला. "भूक लागते गं ताई. पण रोज थोडा जास्त वेळ उठून बसतोय, बघतेस ना?"

त्या दिवसापासून ताईनं दारातच ठाण मांडलं. फळं घेऊन आलेल्या पाहुण्यांना ती बाहेरूनच वाटेला लावी. नळीतून जंतू जाऊ नयेत म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावी. एकदा तर तिनं डॉक्टरांनाच अडवलं. "धुतलेत?" डॉक्टर हसले, पण मुकाट्यानं पुन्हा बेसिनकडे गेले.

तपासणीत आतडं जुळून आलेलं दिसलं, तेव्हा कुठे चमचाभर पाणी मिळालं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

ताई खूप दिवसांनी खळखळून हसली.

पिशव्या लगेच थांबल्या नाहीत. पातळ खाणं अंगी लागू लागलं तशा कमी होत गेल्या. मग एका सकाळी तो बहिणीच्या खांद्याचा आधार घेत दारापर्यंत चालला. धाप लागली म्हणून दाराला टेकला, तर दार करकरलं.

"ही बिजागरी कुणी बसवलीय?" तो वैतागला. "स्क्रू-ड्रायव्हर आण बरं जरा."