दैवशालाची मरळ

मंठ्याजवळच्या झऱ्याच्या ओढ्यात गळानं मरळ मासा धरावा तर अंगदनंच, असं गाव म्हणायचं. एकदा हौसेनं त्यानं बायकोला, दैवशालाला, सोबत नेलं. तिनं पहिल्यांदाच गळ टाकला आणि हातभर मरळ काढली. अंगदचा गळ सकाळपासून रिकामाच होता. त्याच्या पोटात दुखू लागलं. दुसरी मरळ तिच्या गळाकडं वळली, तसा तो उठून काठावर उभा राहिला.

"आवं, बाजूला सरका. तुमची सावली पडून राह्यली," ती हळूच म्हणाली.

ऐकूनही तो हलला नाही. नितळ पाण्यातली मरळ सर्रकन कपारीत शिरली.

दैवशालानं त्याच्याकडं पाहिलं आणि दोरी गुंडाळली. पुढं त्यानं कितीदा बोलावलं, तरी ती "तुमीच जा" एवढंच म्हणायची.